घंटेचा राग

माणसाच्या आयुष्यात दोन प्रकारच्या घंटा असतात. एक तो स्वतः वाजवतो. दुसरी त्याला उद्देशून वाजते. पहिलीवर त्याचा मोठा जीव असतो. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडचा माणूस भीमाशंकरला गेला की तिथली ती भली थोरली पोर्तुगीज घंटा पाहिल्यावाचून परतत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेत मिळालेली ही घंटा त्यांनी देवाला वाहिली, असे सांगतात. देवळात शिरताना घंटेला हात घालावा, टोला द्यावा आणि 'देवा, मी आलो आहे' असे कळवावे, यात एक सुख आहे. दुसऱ्या घंटेपाशी हे सुख नाही. ती उलट आपल्यालाच म्हणते, 'बाबा रे, तू जागा हो!'

वीस-बावीस वर्षे शाळेत काढल्यामुळे या दुसऱ्या घंटेशी माझी चांगली ओळख आहे. सकाळी शाळा भरताना जी घंटा होते तीच संध्याकाळी शाळा सुटताना होते. लोखंड तेच, शिपाई तोच, टोलाही तोच. परंतु सकाळी तिच्या नावाने बोटे मोडणारी पोरे संध्याकाळी तिच्या आवाजाकडे कान लावून बसलेली असतात. तेव्हा घंटेचा राग हा घंटेत नसतो, ऐकणाराच्या मनात असतो, हे मला फार पूर्वी कळले.

अलीकडे ही दुसऱ्या जातीची घंटा मोटारीत येऊन बसली आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती असलीच पाहिजे असा नियम झाला. चालकाने किंवा त्याच्या शेजारी बसणाराने पट्टा लावला नाही की ती टुणटुण करू लागते. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की वेगाची म्हणून आणखी एक घंटी वाजते, आणि १२० ओलांडले की ती थांबायचे नावच घेत नाही. आमचे पेठ गाव पुणे-नाशिक रस्त्यावरचे. खेडचा घाट मागे पडला की पेठ आणि पुढे अवसरीचा घाट उतरला की मंचर. दिवाळीला पुण्या-मुंबईची माणसे या रस्त्याने गावाकडे येतात तेव्हा गाडीत फराळाचे डबे असतात, पोरे असतात, आकाशकंदील असतो, आणि बहुतेक गाड्यांत ही टुणटुणही असते. तिच्याविषयी मी एकाही माणसाच्या तोंडून गोड शब्द ऐकलेला नाही.

तक्रारी खोट्या आहेत असे नव्हे. शेजारच्या सीटवर टोमॅटोचा क्रेट ठेवला तर घंटी त्याला माणूस समजते. आतला काटा वजन ओळखतो, वजनदार माणूस ओळखत नाही. मग क्रेटला पट्टा बांधावा लागतो. मळ्यातून घरापर्यंत चालण्याच्या वेगाने गाडी आणली तरी तिचे पालुपद चालूच. आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. ते एकदा मला म्हणाले, "गुरुजी, चाळीस वर्षं गाडी हाकतोय. बैलगाडी हाकली, ट्रॅक्टर हाकला. आता ह्या डबड्यानं मला शिकवायचं व्हय?"

या प्रश्नाला हसून सोडून देणे सोपे आहे. मला तो विचार करण्याजोगा वाटतो. त्यांना पट्ट्याचा जाच होत नव्हता. जाच होत होता तो शिकवणीचा. आपल्याकडे उपदेशालाही वयाची उतरंड असते. थोरल्याने धाकट्याला सांगावे. धाकट्याला थोरल्याला काही सांगायचे झाले तर ते आडून सांगावे, तिसऱ्याच्या तोंडून सांगावे. सून सासऱ्यांना 'पट्टा लावा' असे म्हणत नाही, ती मुलाला म्हणते, "बाळा, आजोबांना पट्टा दाखव बरं!" आजोबा हसत हसत पट्टा लावतात. यंत्राला हा रीतिरिवाज ठाऊक नाही. ते सरपंचाला ओळखत नाही, आमदाराला ओळखत नाही, मास्तरांना तर नाहीच नाही. सगळ्यांना एकाच सुरात तीच गोष्ट सांगते. माणसे चिडतात ती या सरसकटपणाला.

त्या चिडीतून एक वस्तू जन्माला आली. पट्ट्याच्या खाचेत बसणारी नुसती धातूची जीभ. तिला पट्टा नाहीच. ती खाचेत खुपसली की घंटीला वाटते पट्टा लागला, आणि ती मुकाट्याने गप्प होते. ज्यांना तेवढाही खर्च नको ते पट्टा पाठीमागून घेऊन खाचेत अडकवतात आणि त्याच्यावर ऐसपैस टेकून बसतात. ही क्लिप इंटरनेटवरच्या बाजारात राजरोस विकली जात होती. कुठे कुठे तर बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट पेटवण्याचे साधन या नावाखाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा पाच मोठ्या दुकानांना आदेश दिले आणि या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती तिथून उतरवण्यात आल्या. हा आकडा वाचून मी थोडा वेळ स्तब्ध झालो. एका घंटीला गप्प करण्यासाठी तेरा हजार जाहिराती!

या आदेशाच्या आधीची एक घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, एक उंची परदेशी मोटार कठड्यावर आदळली. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही जहांगीर पंडोल मागच्या आसनावर होते. दोघेही मृत्यू पावले. पुढच्या आसनावरची दोन माणसे जबर जखमी झाली, पण वाचली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मागच्या आसनांच्या पट्ट्यांची चर्चा घरोघर झाली. मागे बसले की पट्ट्याची गरज नाही, ही समजूत तोवर सुशिक्षितांतही सार्वत्रिक होती, आणि आजही ती पुरती गेलेली नाही. केंद्र सरकारच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात पट्टा न लावता अपघातात मेलेली माणसे १६,३९७ होती. त्यांत चालक ८,४३८ आणि सोबतचे प्रवासी ७,९५९. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसे गाडी हाकतही नव्हती. ती नुसती सोबत बसली होती.

'माझा जीव, माझी मर्जी. सरकारने आणि यंत्राने त्यात का पडावे?' असे कोणी विचारील. हा प्रश्न जुना आहे, आणि तो विचारणारे केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. तीन ठिकाणी बांधलेला आजचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली मोटारीत आणला, आणि कंपनीने तो इतर कारखान्यांनाही वापरू दिला. तरी लोक तो लावीनात. मग अमेरिकेत १९७४ सालच्या नमुन्याच्या गाड्यांत अशी योजना केली की पुढच्यांनी पट्टे लावल्याखेरीज गाडी सुरूच होऊ नये. लोक इतके संतापले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या लोकसभेने कायदा करून ही सक्ती काढून टाकली. इतकेच नव्हे, तर घंटी वाजायची तर तिने आठ सेकंदांपेक्षा अधिक वाजू नये, असेही ठरवून टाकले. एका बलाढ्य राष्ट्राच्या कायदेमंडळाने एका घंटीचे सेकंद मोजावेत, ही गोष्ट गमतीची खरी; पण त्यामागे एक गंभीर भेद दडलेला आहे. गाडी अडवणे निराळे आणि आठवण देणे निराळे.

हा भेद जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली आपल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात फार नेमका सांगितला आहे. हाच तो मिल, ज्याचा आपल्या आगरकरांवर एवढा प्रभाव होता. आणि योगायोग असा की त्याचा दाखलाही पुलाचाच आहे. एक माणूस मोडक्या पुलावर पाय ठेवतो आहे. पूल मोडका आहे हे त्याला ठाऊक नाही आणि सांगायला वेळही नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही, कारण नदीत पडावे अशी काही त्याची इच्छा नसते. पण धोका नुसता संभवनीय असेल, आणि माणूस शहाणासुरता असेल, तर त्याला धोक्याची जाणीव द्यावी. बळाने अडवू नये. स्वातंत्र्याचा एवढा कैवारी पुरुष, पण त्यानेसुद्धा इशाऱ्याला हरकत घेतली नाही. किंबहुना स्वतंत्र माणसाशी वागण्याची सभ्य रीत म्हणून त्याने इशाराच सांगितला.

आपली मोटारीतली घंटी यापेक्षा अधिक काय करते? ती इंजिन बंद करीत नाही, दार उघडीत नाही. दंड होतो तो कायद्याने, एक हजार रुपये. घंटी पावती फाडत नाही. ज्याला पट्टा लावायचाच नाही त्याने तो लावू नये आणि टुणटुण ऐकत नाशिकपर्यंत जावे; गाडी त्याला नेऊन पोहोचवील. स्वातंत्र्याचा प्रश्न असता तर तो इथेच मिटला असता. पण क्लिप घेणाराला एवढ्याने समाधान नाही. पट्टा न लावण्याची मोकळीक त्याच्यापाशी होतीच. त्याला आणखी काही हवे आहे. आपण पट्टा लावलेला नाही, हे आपल्याला कोणी आठवू नये, असे त्याला हवे आहे.

मला वाटते, इथेच त्याचा स्वातंत्र्याचा दावा ढासळतो. निवड करणे म्हणजे दोन गोष्टी समोर ठेवून त्यांतली एक जाणून-बुजून उचलणे. घंटी वाजत असताना जो पट्टा लावीत नाही तो निदान दर घटकेला नव्याने निवड करीत असतो. चुकीची का होईना, पण ती त्याची निवड असते. क्लिप बसवणारा एकदाच, एका त्रासलेल्या क्षणी, पुढच्या सगळ्या दिवसांचा निर्णय करून टाकतो, आणि निर्णय केला होता हेही विसरून जातो. पुढे एखाद्या रात्री पाऊस पडत असतो, घाटात धुके असते, समोरून उसाची ट्रॉली दिव्याशिवाय येत असते. त्या रात्री कदाचित त्यानेच पट्टा लावला असता. पण विचारणारे कोणी उरलेले नसते.

आणि गाडी काही एकट्याची नसते. तीच गाडी उद्या मुलगा घेऊन जातो, परवा जावई नेतो. वडिलांनी गप्प केलेली घंटी मुलासाठीही मुकीच राहते. शिवाय ताशी ८० च्या वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आतले मोकळे शरीर त्याच वेगाने पुढे जाते. हिशेब केला तर ते सुमारे २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजले उंचीवरून पडल्यासारखे आहे. मागे बसलेला धडधाकट माणूस त्या वेगाने पुढच्या सीटवर आदळला, तर त्या सीटवर कोण बसले आहे याचा विचार त्याने आधीच केलेला बरा. 'माझा जीव' हा शब्दप्रयोग एवढ्यासाठीच मला अपुरा वाटतो. चारजण एका डब्यात बसले की जीव चार असले तरी धक्का एकच असतो.

घंटीची बाजू मांडताना तिच्या उणिवा झाकाव्यात असे मी म्हणणार नाही. क्रेटला माणूस समजणारी घंटी जर रोज उगाच ओरडली, तर खरी हाक येईल तेव्हा कान बधिर झालेले असतील. लांडगा आल्याची गोष्ट आम्ही पोरांना शिकवतो. अभियंत्यांनीही ती वाचावी. पण उणीव असली म्हणून मुस्कटदाबी करावी काय? आमच्या भागात ऊस फार, आणि उसात बिबटे. रात्री ओट्यावरचा कुत्रा भुंकू लागतो. तो कधी मांजरावर भुंकतो, कधी वाऱ्यावर, कधी कशावरच नाही. झोपमोड होते, शिव्याही देतो आपण. तरी कुत्र्याच्या तोंडाला फडके बांधून निजणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. तो बॅटरी घेऊन उठतो, दारातून गोठ्याकडे एक झोत टाकतो, आणि मग निजतो. दहातल्या नऊ वेळा तिथे काही नसते. दहाव्या वेळेसाठी त्याने कुत्रा पाळलेला असतो. हेच शहाणपण घरातून मोटारीत जाताना आपण उंबऱ्याशी का ठेवून जातो, हे मला कळत नाही.

टोचणारा आवाज बंद करण्याची ही खोड मोटारीपुरती नाही. घरातले म्हातारे माणूस तेच तेच सांगते, म्हणून आपण त्याच्याशी बोलणे कमी करतो. डॉक्टर साखर सोडा म्हणतो, म्हणून डॉक्टरच बदलतो. मनातही एक बारीक घंटी असते; तिच्या खाचेत बसणाऱ्या क्लिपा तर आपण किती तऱ्हांच्या बाळगतो! 'सगळेच करतात', 'एवढ्याने काय होते', 'आपले नशीब बलवत्तर आहे'. यांतली एखादी नेमकी बसली की आत कसे शांत शांत वाटते. त्या शांततेला आपण समाधान म्हणतो. ते समाधान नव्हे. तिथे फक्त आवाज थांबलेला असतो.

मोटारीतल्या घंटीचा एक गुण मात्र मला मनापासून आवडतो. ती मागचे उकरून काढीत नाही. काल पट्टा का लावला नव्हता, असे विचारीत नाही. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करीत नाही. आपण पट्टा ओढून खाचेत बसवला, याला दोन-तीन सेकंद लागतात, की तिचे म्हणणे संपले. मग ती एक अक्षर बोलत नाही. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या नातेवाइकांपैकी किती जणांविषयी आपल्याला एवढी खात्री देता येईल?