जुनी पुसू का?

"सर, जुनी पुसून टाकू का?" असे त्याने विचारले, आणि मला चटकन उत्तर देता आले नाही.

प्रसंग तसा साधाच होता. माझा संगणक दहा वर्षांचा झालेला. सकाळी कळ दाबावी, चहा करून आणावा, तरी तो आपला कुरकुरतच असे. सोलापुरात नवी पेठेत माझा एक माजी विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याच्याकडे यंत्र नेले. तो म्हणाला, "यंत्र ठीक आहे सर. आतली डिस्क जुन्या पद्धतीची आहे. तबकडी फिरते, वरचा काटा जागा शोधत हिंडतो, त्यात वेळ जातो. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही." मग त्याने संगणक चालवणारी सारी यंत्रणा, माझ्या दोन कादंबऱ्या, शाळेची निकालपत्रके, सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवले आणि यंत्र तिच्यावरून सुरू करून दाखवले. चहाला आधण ठेवायचीही सवड न देता ते जागे झाले. मग त्याने तो प्रश्न विचारला.

बिऱ्हाड हलवले की जुनी खोली रिकामी होते. इथे तसे होत नाही. संगणकात 'हलवणे' म्हणजे आधी नक्कल करणे आणि मग, आपल्याला वाटले तर, मागचे पुसणे. नक्कल यंत्र करते. पुसायचे की नाही हे माणसाने ठरवायचे. तोवर दोन्ही डिस्का भरलेल्याच.

"मग यातली खरी कोणती रे?" मी विचारले.

"दोन्ही, सर. अक्षराचाही फरक नाही."

कॉलेजात जाऊन मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. पण 'मिलिंदप्रश्ना'तला रथाचा दाखला मला ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, असे नागसेन राजाला एकेक करून पटवतो. परंतु नागसेनापुढे रथ एकच होता. माझ्यापुढे दोन उभे होते.

वस्तुतः सोलापूरकराला याचे नवल वाटू नये. आपली चादर जॅकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या जॅकार नावाच्या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पूर्णत्वाला नेली. भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ मागावर फिरते आणि कोणता धागा उचलायचा ते भोके ठरवतात. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. म्हणजे संगणक हा मागाच्या नात्यातलाच. पत्ते झिजले की त्यांच्यावरून नवे पाडावेत, दुसऱ्या मागावर चढवावेत. मोर तोच उमटतो. मात्र एखादे भोक चुकलेले असेल, तर तेही इमानाने नव्या मागावर जाते, आणि प्रत्येक चादरीवर त्याच जागी तीच चूक दिसते.

"राहू दे दोन दिवस," असे सांगून मी घरी आलो आणि रात्री नव्या डिस्कवर जुनी कागदपत्रे चाळू लागलो. त्यांत दहा वर्षांपूर्वीची नववीच्या शेऱ्यांची यादी सापडली. दुकानदार झालेल्या या मुलापुढे मीच लिहिले होते : 'लक्ष नाही. पुढे काही करील असे वाटत नाही.'

ते वाक्य पुसायला हात पुढे झाला आणि थांबला. मागे त्यानेच मला सांगितले होते की, जुन्या डिस्कवर आपण एखादी गोष्ट साधेपणाने पुसतो तेव्हा यादीतले तिचे नाव तेवढे खोडले जाते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. मला वाटले, मी आता करणार होतो तेही याच जातीचे. लाज झाकली गेली असती. शेरा दिला गेला होता तो गेलाच होता.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "जुनी पार पुसून टाक," म्हटले. "तिच्यात मुलांचे पत्ते आहेत, गुण आहेत, जातीचे दाखले आहेत. ते काही माझ्या मालकीचे नाहीत." त्याने मान डोलावली. मग चाचरत मी त्या शेऱ्याची गोष्ट काढली.

तो हसला. "ते प्रगतिपुस्तकावर होतं की, सर. आईनं जपून ठेवलंय. दुकान काढलं त्या दिवशी तिनं ते मला दाखवलं होतं."

माझ्या शेऱ्याची आणखी एक नक्कल दहा वर्षे त्या घरात होती, आणि तिथवर माझा हात पोचत नव्हता.

त्या रात्री मी नव्या डिस्कवरचे ते वाक्य ठेवले. त्याच्याखाली तारीख घालून लिहिले : 'हा शेरा चुकीचा होता.' तोवर जुनी पुसली गेली होती. नाहीतर अक्षराचाही फरक नसलेल्या त्या दोहोंत हा पहिला फरक पडला असता. दोहोंतली खरी कोणती, या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर एवढेच : जिच्यावर आपण पुढची ओळ लिहितो ती.

आता उरले ते प्रगतिपुस्तक. या दिवाळीत फराळाच्या निमित्ताने मी त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्यावरही तेच लिहून सही करायची आहे. आई ते माझ्या हाती देतील की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.