बाहुलीचे हसू आणि उपदेशाचे सत्य

हास्य आणि उपासना यांचे नाते ख्रिस्ती परंपरेला फार पूर्वीपासून अवघड वाटत आले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्टम याने मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने दिली. ख्रिस्त रडल्याचे दाखले मिळतात, तो हसल्याचा दाखला कोठेही मिळत नाही, याकडे त्याने श्रोत्यांचे लक्ष वेधले. त्याच धर्मग्रंथाच्या आरंभभागात मात्र वृद्ध सारा देवाचे वचन ऐकून हसते आणि तिच्या पुत्राचे नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’, असे ठेवले जाते. या दोन टोकांमध्येच बाहुलीच्या ख्रिस्ती सेवाकार्याचा प्रश्न उभा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये आणि शब्बाथ शाळांमध्ये बोलक्या, खोडकर बाहुल्या सुवार्ता सांगू लागल्या. ज्या सत्यासाठी माणसांनी प्राण दिले, ते सत्य कापडी तोंडातून, विनोदाच्या सोबतीने सांगावे काय? आणि सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे काय होते?

पहिला आक्षेप पावित्र्यभंगाचा. त्याचे उत्तर युरोपच्या लोकपरंपरेने पूर्वीच शोधले होते. युक्रेनमधील ‘वेर्तेप’ हा नाताळचा बाहुल्यांचा खेळ दोन मजली लाकडी पेटीत होतो. वरच्या मजल्यावर ख्रिस्तजन्म. खालच्या मजल्यावर हेरोद राजाचा दरबार, मृत्यू, सैतान आणि त्यानंतर गावकऱ्यांची, कोसॅकांची हास्यकारक सोंगे. पोलंडमधील ‘शोप्का’ याच कुळातली. क्राकूव शहरातील शोप्काच्या परंपरेला 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. या रचनेतील विवेक लक्षणीय आहे. हसू तळमजल्यावर आहे, पण ते पेटीबाहेर नाही. अधिक महत्त्वाचे म्हणजे, ते हसू सत्तेच्या उन्मादाला लागते. गोठ्यातील बालकाला लागत नाही. पवित्र काय आणि केवळ रुबाबदार काय, हा भेद प्रेक्षकाला हसताहसता कळतो. दोन्ही मजल्यांमागचा हात मात्र एकाच खेळियाचा असतो.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील बॉक्सली मठात एक क्रूसमूर्ती होती. तिचे डोळे आणि ओठ हलत. 1538 मध्ये मठांच्या विसर्जनकाळी तिच्यातील तारा आणि कळा उघड करण्यात आल्या आणि लंडनमध्ये सेंट पॉल्स क्रॉस येथे, बिशप हिल्सी यांच्या प्रवचनानंतर, तिचे तुकडे करण्यात आले. यात्रेकरूंना त्या यंत्रणेची कल्पना असावी, असेही काही इतिहासकार मानतात. तसे असेल, तर दोष मूर्तीच्या हलण्यात नव्हता. आपण हलवले जात आहोत हे जी लपवते, ती वस्तू फसवते. जी ते मिरवते, ती खेळते. हसवणारी बाहुली या कसोटीला बहुधा उतरते. विनोद हीच तिच्या कृत्रिमतेची कबुली असते. तिच्या तोंडातील हात मुलांना ठाऊक असतो, आणि ठाऊक असूनही ती तिच्याशी बोलतात.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, कारण तो प्रामाणिक बाहुलीलाही लागू पडतो. हसणारे मूल सावध नसते. हास्याने मन सैल झाले की त्याच क्षणी सिद्धान्त आत सरकवायचा, हे गळाला आमिष लावण्यासारखे आहे. शिवाय उपदेशक स्वतः बोलला असता, तर त्याला प्रश्न विचारता आला असता. बाहुली बोलते तेव्हा शब्दांची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. श्रद्धा ही स्वेच्छेने दिलेली संमती आहे, असे ज्या धर्माचे म्हणणे आहे, त्याला तरी हा मार्ग निःशंकपणे पत्करता येणार नाही.

या आक्षेपाचे सर्वांत गंभीर उत्तर फ्रेड रॉजर्स (1928–2003) यांच्या कार्यात सापडते. पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी केंद्रावर 1954 पासून ते बाहुल्या खेळवत होते. 1963 मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली, ती प्रसारमाध्यमांतून मुलांची सेवा करण्यासाठी. 1968 ते 2001 या काळात राष्ट्रीय पातळीवर चाललेल्या त्यांच्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’मध्ये तेरावा किंग फ्रायडे हा आत्मप्रौढ राजा हसू आणतो, तर डॅनिएल हा लाजरा वाघ शंका विचारतो. जून 1968 मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर डॅनिएलने आधी फुग्यातली हवा निघून गेल्यावर तिचे काय होते ते विचारले आणि मग हत्या या शब्दाचा अर्थ विचारला. येथे बाहुलीने उत्तर दिले नाही. मुलाच्या मनात दबून राहिलेला प्रश्न तिने उच्चारला. उत्तराची जबाबदारी पडद्यासमोरच्या मोठ्या माणसाकडे राहिली. आमिषाचा आरोप येथे गळून पडतो.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. या कार्यक्रमात देवाचे नाव क्वचितच येते. मग याला सेवाकार्य म्हणावे, की केवळ सद्भावना? सुवार्ता शब्दांतच असते असे मानणाऱ्याला हे मौन माघारीसारखे वाटेल, आणि तो आक्षेप पोकळ नाही. पण ज्या मुलाला अद्याप ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडून ‘होय’ मिळवण्याची घाई न करणे, हाही धर्माचाच भाग ठरू शकतो.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे येतात. लोक सोंगाला हसतात आणि अर्थ नंतर उलगडतो. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाचा अंगीकार केला, तेव्हा परिचित रूपातून नवा आशय सांगण्याचा हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. भारुडाचे सामर्थ्य असे की, त्याचा श्रोता अर्थ नाकारूनही सोंगाचा आनंद घेऊ शकतो. ही मोकळीक ज्या कलेत उरते, तिच्यात उपदेश असूनही सक्ती नसते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भूतमात्र यंत्रावर आरूढ असल्याची प्रतिमा आहे आणि शंकराचार्यांनी तिचा उलगडा लाकडी बाहुल्यांच्या उपमेने केला आहे. तेथे बाहुली म्हणजे परतंत्र जीव. ख्रिस्ती सेवाकार्यातील बाहुलीपुढे वेगळेच काम आहे: स्वतः परतंत्र राहून समोरच्याचे स्वातंत्र्य जपण्याचे. म्हणून तिची परीक्षा मंचावर होत नाही. खेळ संपल्यावर, हसून झाल्यावर, मूल तिच्यामागच्या माणसाकडे जाऊन निर्भयपणे ‘हे खरे का?’ असे विचारू शकते काय, आणि तो माणूस बाहुली बाजूला ठेवून स्वतःच्या आवाजात उत्तर देतो काय, यावर तिची नीती ठरते.