श्रद्धेतील निर्भयता

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. त्यांच्या रांगांमधून डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या ख्रिस्ती कोळिणीला मासळीचा भाव कोणी शिकवावा लागत नाही. होडी समुद्रात नेणे पुरुषांचे काम असले, तरी किनाऱ्याला लागलेले म्हावरे निवडणे, ते बाजारी नेऊन गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे, उधारी ध्यानात ठेवणे आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सुक्या मासळीच्या पैशावर संसार रेटणे, हा बराचसा कारभार तिच्याच हाती असतो. अशी ही स्त्री रविवारी मिस्सेला येते, तेव्हा मात्र तिच्यापुढे आदर्श म्हणून ठेवले जातात ते बहुधा सोशिकपणा, मौन आणि आज्ञापालन हेच गुण. क्षमाशीलतेविषयी माझा आक्षेप नाही, कारण ती ख्रिस्ती जीवनाचा गाभाच आहे. परंतु जी क्षमा केवळ एका पक्षाकडून वसूल केली जाते, तिला सद्गुण म्हणण्यास माझे मन धजत नाही.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण अपरिहार्य आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात, पदरी लहानगी लेक मनोरमा, आणि आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींच्या उपकारांचे ओझे, अशा स्थितीत कोणीही मान तुकवली असती. रमाबाईंनी मात्र त्याच भगिनींशी पत्रांतून धर्मतत्त्वांवर दीर्घ वाद घातला, धर्मसत्ता सांगते एवढ्याच कारणास्तव एखादे मत स्वीकारण्याचे नाकारले, आणि गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असा आग्रह झाला तेव्हा, संस्कृत का नको, असा सरळ सवाल केला. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा या वादाने तसूभरही ढळली नाही. उलट, पुढे दुष्काळात अन्नान्नदशा झालेल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणण्याचे बळ त्यांच्या ठायी आले, ते स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचा कौल मानण्याच्या याच सवयीतून, असे मला वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी होती. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पतीचा धर्म तोच पत्नीचा, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत. तरीही विरह, लोकनिंदा आणि सोवळ्याओवळ्याचे प्रश्न सोशीत, स्वतःशी तर्क करीत त्या थांबल्या, आणि मनाची खात्री पटल्यावरच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले, हे मिरा-भाईंदरच्या ख्रिस्ती घरांतून मुलींना आवर्जून सांगितले पाहिजे.

धैर्याची गरज प्रार्थनामंदिराबाहेरही लागते. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणे पुरे असे. पत्नीने मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य अथवा परित्यागासारखे आणखी एखादे कारणही शाबीत करावे, अशी अट होती. ही विषमता मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये कायदाच बदलला. हे घडले ते ख्रिस्ती स्त्रियांनी सरकारदरबारी दाद मागितली म्हणून. मार खाणाऱ्या लेकीला ‘प्रभूने तुला क्रूस दिला आहे’ असे सांगून सासरी परत धाडणाऱ्या आईने हे जाणून घ्यावे, कारण तो क्रूस प्रभूने दिलेला नाही, माणसाने लादलेला आहे.

पुनरुत्थानाची वार्ता प्रथम आणली ती मग्दालिया मरियेसारख्या स्त्रियांनी, आणि प्रेषितांना त्यांचे बोलणे वायफळ वाटले, असे लूक निःसंकोचपणे नमूद करतो. भारतातील कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले, ही समाधानाची गोष्ट. पण ते दप्तरात पडून राहू नये, ही जबाबदारी धर्मग्रामांतील बायांचीही आहे. बाजारात भाव ठरवणाऱ्या बाईने धर्मग्रामाच्या जमाखर्चाविषयी विचारावे, वचनाचा अर्थ स्वतः वाचून सांगावा, आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारावे. याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे: रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पुरे झाले, आणि त्याचे खिळे जुळवून छपाई केली ती मुक्तिसदनातल्या, दुष्काळातून वाचलेल्या बायांनी.