रात्रपाळीला किती जण?

वृद्धाश्रम बघायला आलेल्या कुटुंबाचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. खोलीत ऊन येतं का, कमोड आहे ना, डॉक्टर किती वेळा येतात, डिपॉझिट परत मिळतं का. कुणी भजनाची चौकशी करतं, कुणी कांदा-लसणाची. रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, ‘मावशी असतात ना.’ त्या मावशी एकट्या असतात का, दिवसपाळी करूनच रात्रीला थांबल्यात का, हे तिथेच राहून जातं.

याचं मूळ मला आपल्या चर्चेतच दिसतं. वृद्धाश्रम म्हटलं की मराठी माणूस मुलांचा न्याय करायला बसतो. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. पोटच्या पोरांकडून दुखावलेला बाप तेव्हापासून आपल्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. पुढे व्याख्यानमाला झाल्या, परिसंवाद झाले, आता व्हॉट्सअ‍ॅपवर रडवणाऱ्या गोष्टी फिरतात. आरोपीच्या पिंजऱ्यात कायम मुलगा, नाहीतर सून. वृद्धाश्रम हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, तिथलं काम कौशल्याचं आहे आणि ते चुकलं तर माणूस जिवानिशी जातो, हा विषय निघतच नाही.

पाण्याचंच बघा. आधाराशिवाय उभं राहता न येणाऱ्या आजींचं डायपर रात्री बदलायचं तर खरं म्हणजे दोघी लागतात. एकीनं कुशीवर वळवून धरायचं, दुसरीनं पुसून, कोरडं करून नवं बसवायचं. एकटीनं रोज केलं की तिची कंबर जाते. त्यात डायपरचा खर्च नातेवाइकांच्या बिलात लागत असेल, तर जास्त वापरले की फोन येतो. मग संध्याकाळनंतर पाणी हळूहळू कमी होतं. त्यात दुष्टपणा नसतो. ‘आता नको आजी, रात्री ओलं होईल,’ असं गोडीनंच सांगितलं जातं. म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ती सांगताही येत नाही. लघवी गडद होते, पोट साफ होत नाही, जंतुसंसर्ग होतो. तरुण माणसाला जळजळ झाली असती, थंडी वाजून ताप आला असता. ऐंशीच्या आजींना कधीकधी यातलं काहीच होत नाही. त्या नुसत्या बरळायला लागतात. भिंतीवर माणसं दिसतात, मध्यरात्री माहेरी जायला निघतात. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात आणि कारण शोधून उपचार केले तर तो बऱ्याचदा उतरतो. पण एकट्या जागणाऱ्या बाईला एवढंच दिसतं, की आजी आज त्रास देताहेत. सकाळी तसं कळवलं जातं, फोनवरून झोपेची गोळी वाढते. गोळीच्या गुंगीत आजी पलंगावरून उतरू बघतात आणि खुब्याचं हाड मोडतं. वहीत नोंद होते, ‘पाय घसरून पडल्या.’

या सगळ्यात मुलगा कुठेच नाही, सूनही नाही. रात्रपाळीला दुसरं माणूस नाही, आणि दिवसभरात पाणी किती गेलं, लघवी कितीदा झाली, हे मांडणारा कागद नाही.

पाठीच्या जखमांचंही असंच. पाठ्यपुस्तक सांगतं, माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली आणि बोटानं दाबूनही ती फिकी पडली नाही, तर व्रणाची सुरुवात झाली समजा. पण सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही. तिथे हातानं चाचपावं लागतं. बाजूच्यापेक्षा ती जागा गरम लागते का, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का? आणि अशा जागी तेल लावून चोळणं, हा आपला मायेचा उपाय, नेमका घातक. आतून दुखावलेली कातडी त्यानं आणखी फाटते. तिथला भार काढायचा, कूस बदलायची. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. कुणी शिकवलं नाही तर दहा वर्षं काम करूनही येत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचे अभ्यासक्रम आहेत, वृद्धसेवेचेही आहेत. पण ब्युरोतून किंवा ओळखीनं आलेली बाई बहुतेकदा जुन्या बाईच्या मागे फिरून शिकते. जुनीच्या चुकाही तशाच पुढे जातात.

कायद्याकडे बघितलं तर तिथेही नजर मुलांवरच. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. निदान प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एकेक वृद्धाश्रम राज्यानं काढावा, असंही त्यात आहे. मात्र ‘काढू शकेल’ अशा मऊ भाषेत. खासगी वृद्धाश्रमाची नोंदणी, तिथल्या कर्मचाऱ्यांची संख्या, त्यांचं प्रशिक्षण यांवर कायदा गप्प आहे. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात नोंदणी आणि किमान दर्जा हे दोन्ही होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला आणि लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही संपलं. महाराष्ट्रात शुश्रूषागृहाला १९४९च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. बंगला भाड्यानं घेऊन काढलेल्या वृद्धाश्रमाचं कधी शॉप अ‍ॅक्टच्या कागदावरही भागतं. संस्था धर्मादाय असेल तर हिशेब तपासले जातात. पाठ कुणी तपासत नाही.

इंग्लंडमध्ये हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. तिथल्या २०१४च्या नियमावलीतला चौदावा नियम केवळ अन्नपाण्याचा आहे. रहिवाशाच्या पोटात पुरेसं जातं का, आणि हातानं खाता-पिता येत नसेल तर भरवलं जातं का, याची जबाबदारी संस्थेवर. अठरावा कर्मचाऱ्यांचा. त्यात आकडा दिलेला नाही. ‘पुरेसे आणि शिकलेले’ लोक हवेत म्हटलंय, आणि पुरेसे म्हणजे किती हे संस्थेनं रहिवाशांच्या गरजेप्रमाणे ठरवून दाखवायचं. केअर क्वालिटी कमिशन तपासणी करतं, अहवाल जाहीर होतो, मिळालेली श्रेणी सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०११मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खासगी रुग्णालयातला छळ बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं छुप्या कॅमेऱ्यानं उघड केला. तिथल्याच एका परिचारकानं त्याआधी कमिशनला कळवलं होतं. दखल घेतली गेली नव्हती. अकरा कर्मचारी दोषी ठरले. २०२४मध्ये याच कमिशनच्या कामाची पेनी डॅश यांनी समीक्षा केली, तीत तर असं निघालं, की केअर होम तपासणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश झालेला माणूस कधी भेटलेलाच नाही असेही लोक होते. हे वाचून आपल्याकडचा एखादा संस्थाचालक म्हणेल, मग नियमांचा उपयोग काय? मला उलटं वाटतं. काय व्हायला हवं होतं हे तिथे आधी लिहिलेलं होतं, म्हणून काय झालं नाही हे सांगता आलं. आपल्याकडे तक्रार करणारी बाई कुठल्या नियमावर बोट ठेवणार? ती ‘तोंड चालवते’ म्हणून घरी जाते.

संस्थाचालकांची एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती नियमानं सुटत नाही. प्रत्येक मजल्याला रात्री दुसरं माणूस ठेवायचं तर महिन्याचं शुल्क चढतं, आणि चढलं की कुटुंब शेजारच्या स्वस्त आश्रमात जातं. स्वस्त तो कसा, हे ते विचारत नाही. देणग्यांवर चालणाऱ्या आश्रमाची तऱ्हा आणखी निराळी. व्हीलचेअर मिळतात, बाक मिळतात, पंखे मिळतात. पंख्याच्या पात्यावर ‘कै.’ लावून नाव रंगवता येतं. पगारावर ते कुठे रंगवायचं? दिवाळीत तर फराळाचे डबे इतके येतात, की मधुमेही आजोबांच्या साखरेचं मावशींना टेन्शन येतं. लाडू वाटून, फोटो काढून मंडळी सातच्या आत घरी जातात. रात्रपाळीच्या एका बाईचा वर्षाचा पगार उचलणारं मंडळ मला अजून भेटायचंय.