न मागितलेला तंबोरा

कोल्हापूर,
रविवार सकाळ

चि. मनूस,


तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. गाणं छान बसलंय, पण तुझी तक्रार गाण्याबद्दल नव्हतीच. ‘मामा, मागे ते गुंऽऽ काय वाजतंय? आणि पेडलसाठी या दोहोंपैकी कुठला पॉवर सप्लाय घेऊ?’ एवढंच विचारलंस आणि दोन डब्यांचे फोटो धाडलेस. फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, पण मग तू तो डबा घेतला असतास आणि प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून हे पत्र.

आधी एक गंमत कर. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवर बोट ठेव आणि तो स्वर त्या गुणगुणीशी ताडून बघ. जवळजवळ जुळेल, गुणगुण जराशी चढी लागेल. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. तिची गुणगुण ५० वर आणि तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० वर, उमटते. तुझा तो स्वर जी, म्हणजे पेटीतली पांढरी पाच, ९८ वर आहे. थोडक्यात, वीज तुझ्यामागे पांढरी पाचचा तंबोरा धरून बसली आहे, तोही न मागता आणि किंचित बेसूर. तुमचं ई मायनरमधलं गाणं म्हणूनच निभावलं. तिथे तो स्वर कोमल गंधार म्हणून खपून गेला. दुसऱ्या एखाद्या गाण्यात तो पायात आलेल्या खड्यासारखा बोचेल. अमेरिकेत विजेचे फेरे ६०, म्हणून तिकडची गुणगुण १२० वर, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. म्हणजे आपल्यापेक्षा त्यांचे हाल जास्त.

आता पैसे काढण्याआधी दोन परीक्षा घे.

पहिली: सगळे पेडल बाजूला ठेव आणि गिटार थेट अँपला जोड. गुणगुण तशीच राहिली तर दोष पॉवर सप्लायचा नाही. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिर. एका दिशेला आवाज वाढला आणि दुसऱ्या दिशेला कमी झाला, तर तो तुझ्या सिंगल कॉइल पिकअपचा स्वभाव आहे. खोलीतला डिमर किंवा स्वस्त एलईडी दिवा बंद करून बघ. हजारो रुपयांचा सप्लाय आणलास तरी त्या गुणगुणीचा केसही वाकडा होणार नाही.

दुसरी: पेडल परत जोड, पण डिलेची वायर काढून त्यात नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घाल. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये गुंऽऽ सोबत एक बारीक, डासासारखी शीळही आहे. डिले चालू केलास की ती येते. बॅटरीवर ती शीळ गेली, तर दुखणं सापडलं आणि औषधही सापडलं. बॅटरी म्हणजे ज्याचा कुणाशी काही संबंध नाही असा स्वतंत्र सप्लाय. आपल्याला हवंय ते हेच, फक्त दर आठवड्याला बॅटरी न बदलता.

माझी पैज आहे, शीळ जाईल. कारण तू सहाच्या सहा पेडल एकाच अडाप्टरवर माळेच्या वायरने ओवले आहेस. ‘अडाप्टर कमी पडतोय का?’ असं तुला वाटतंय. हिशेब करू. पेडल उलटे करून तळाचं बारीक लिखाण वाच, नाहीतर माहितीपुस्तिका बघ. प्रत्येकाला किती मिलीअँपिअर करंट लागतो ते दिलेलं असतं. तुझा ट्यूनर साधारण ३०. ट्यूब स्क्रीमर ८ च्या आसपास. केशरी डीएस-१ डिस्टॉर्शनला जेमतेम ४. कोरस २०. डीडी-७ डिले ५५. आणि दिवाळीत जुना घेतलेला तो बिगस्काय रिव्हर्ब एकटाच ३००. बेरीज ४१७. तुझा अडाप्टर ५०० चा आहे, म्हणजे पुरतोय. ओढाताणीचं आहे, पण पुरतोय. मग आवाज का?

आजोळच्या वाड्यातली सामाईक मोरी आठवते तुला? पाणी प्रत्येकाच्या नळाला वेगळं यायचं, पण सांडपाणी एकाच नळीने जायचं. वरच्यांनी एकदम बादली ओतली की आपल्या मोरीत फेस वर यायचा. माळेच्या वायरीत तसंच होतं. करंट पेडलमध्ये जातो आणि ग्राउंडच्या तारेने परत येतो, आणि परतीची ती वाट सगळ्यांची एकच. डिले आणि रिव्हर्ब हे डिजिटल भाडेकरू. त्यांच्या पोटात घड्याळासारखी टिकटिक अखंड चालते आणि तिचा फेस त्या सामाईक वाटेवर येतो. शेजारी डिस्टॉर्शन बसलेलं. त्याचं कामच मुळी बारीक आवाज शंभरपट करायचं. ते फेसही शंभरपट करतं. शिवाय ऑडिओच्या केबलमधूनही ग्राउंड जोडलेलं असतं, म्हणजे परतीच्या दोन वाटांचं वेटोळं होतं, आणि त्या वेटोळ्यात आसपासच्या विजेची गुणगुण अडकते. कमतरता पाण्याची नाहीये, मोरी सामाईक आहे. म्हणून दोन हजार मिलीअँपिअरचा अडाप्टर आणलास तरी शीळ तिथेच राहील.

याचा उपाय म्हणजे ज्याचे आउटपुट एकमेकांपासून खरोखर तोडलेले आहेत असा सप्लाय, ज्याला सगळे ‘आयसोलेटेड’ म्हणतात. ‘खरोखर’ हा शब्द मी मुद्दाम घातलाय. तू पाठवलेल्या पहिल्या फोटोतला डबा सडपातळ आहे, दहा आउटपुट आहेत, निळे दिवे आहेत, किंमत निम्मी आहे आणि वर ‘आयसोलेटेड’ असं छापलंय. छापायला शाई लागते, बाकी काही लागत नाही. दुकानात जाताना माझा जुना मल्टिमीटर घेऊन जा. डब्याची मुख्य वायर आणि बाकीच्या सगळ्या वायरी काढ. मीटर बीप वाजवण्याच्या खुणेवर ठेव. एक टोक पहिल्या आउटपुटच्या मधल्या पिनला आणि दुसरं टोक दुसऱ्या आउटपुटच्या मधल्या पिनला लाव. बीप वाजला तर दोघांचं ग्राउंड एकच. म्हणजे ती तुझी जुनी माळच, फक्त डब्यात घालून विकलेली. वाजला नाही तर पुढच्या जोडीकडे जा. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तर समजून घे आणि बाहेर पड.

मधली पिनच का, ते सांगतो, कारण त्यातच माझा एक पेडल गेला. पेडलच्या जगात ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन निगेटिव्ह, असा रिवाज पडलाय. बॉस कंपनीने १९७७ साली छोटे पेडल बाजारात आणले, आणि पुढे त्यांच्या अडाप्टरची ही उलटी रीत बाकीच्यांनीही उचलली. उलटी अशासाठी, की घरातल्या बहुतेक अडाप्टरांची मधली पिन पॉझिटिव्ह असते. वायफायच्या राउटरचा अडाप्टर पुष्कळदा १२ व्होल्टचा, मधे पॉझिटिव्ह, आणि त्याचं तोंड तुझ्या पेडलच्या भोकात चपखल बसतं. बसतं म्हणून घालायचं नसतं.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या काळात अडाप्टरला बॅटरी एलिमिनेटर म्हणायचे. काळा ठोकळा, त्यावर ३ ते १२ व्होल्टची सरकती कळ आणि शेजारी पोलॅरिटी उलटवणारी दुसरी, नखाएवढी. गणपतीतला कार्यक्रम होता, स्टेजवर अंधार. कुणाचा तरी पाय लागून ती नखाएवढी कळ सरकली. मी कोरस जोडला आणि दुसऱ्या अंतऱ्याला उदबत्ती विझल्यासारखा वास आला. बऱ्याच पेडलमध्ये अशा वेळी एक डायोड स्वतःवर घाव घेतो, पण त्याच्या सोबतचा रेझिस्टर किंवा सर्किटवरची पट्टी जळायची ती जळतेच. घरी आल्यावर त्या एलिमिनेटरला मीटर लावला. कळ ९ वर आणि मीटर १३ दाखवतोय. भार नसताना ते ठोकळे असेच उधळायचे. त्यात डीसी नीट गाळलेलं नसायचं, त्यामुळे १०० ची गुणगुण फुकट.

यातून तीन नियम लिहून ठेव. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. पोलॅरिटी जुळली पाहिजे. पेडलवर वर्तुळ आणि अधिक-उण्याची छोटी आकृती असते, ती बघितल्याशिवाय वायर घालायची नाही. मिलीअँपिअर मात्र जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ५०० च्या भोकाला ४ वाला डीएस-१ लावलास तर काही बिघडत नाही; पेडल गरजेपुरतंच घेतो. उलट १०० च्या भोकाला बिगस्काय लावलास तर तो मधेच बंद पडून पुन्हा चालू होईल, नाहीतर उठणारच नाही. गरजेच्या वर पंचवीस-तीस टक्के मोकळं ठेव. आणि काही सप्लायवर १८ व्होल्टचं भोक असतं. ‘ओव्हरड्राइव्ह १८ वर जास्त खुलतो’ असं कुणी सांगेल. काही खुलतात, आणि काहींच्या पोटातली चिप १० व्होल्टच्या पुढे प्राण सोडते. पेडलवर लिहिलं असेल तरच.

तुमच्या बँडमधल्या त्या मुलाकडे जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ आहे म्हणालीस. असल्या पुष्कळ फझचं ग्राउंड उलटं, पॉझिटिव्हला असतं. माळेत घातला तर सगळ्यांचा शॉर्ट होतो. त्याला बॅटरी घालू दे, नाहीतर स्वतंत्र आउटपुट.

आता कुठला घ्यायचा. तुझ्या सहा पेडलना सहा स्वतंत्र आउटपुट हवेत, आणि पेडलबोर्ड हा उंदरासारखा वाढतो, म्हणून आठ धर. त्यातले निदान दोन ५०० चे, बाकीचे १०० चे असले तरी भागेल. तुझ्या दुसऱ्या फोटोतला डबा या हिशेबात बसतो. बीपची परीक्षा पास झाला तर डोळे मिटून घे. त्याच्या वरच्या पायरीवर स्ट्रायमनचा झुमा आहे, नऊ आउटपुट आणि प्रत्येक ५०० चा; सिऑक्सचा डीसी७ आहे, त्यातल्या सातही आउटपुटना ९, १२, १५ किंवा १८ व्होल्ट निवडता येतात. उत्तम आहेत, पण तुला आज त्यांची गरज नाही.

न्यू जर्सीच्या मावशीला आणायला सांगायचा बेत असेल, तर डब्याच्या पाठीवर इनपुट काय लिहिलंय ते फोटो काढून मागव. १०० ते २४० असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर नको. व्हूडू लॅबचा पेडल पॉवर २ प्लस नावाजलेला आहे, पण त्याच्या पोटात मोठा गोल ट्रान्सफॉर्मर असतो आणि अमेरिकेत मिळणारा नग १२० व्होल्टसाठी बांधलेला. तो आपल्या २३० वर लावलास तर मावशीचं प्रेम धुरात जाईल. ट्रान्सफॉर्मरवाला कुठलाही सप्लाय घेतलास तर तो वाह पेडलच्या खाली बसवू नकोस. वाहमधली कॉइल त्याची गुणगुण ओढून घेते. आणि विजेच्या वायरी ऑडिओच्या केबलशेजारून लांबवर नेऊ नकोस. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

एक गोष्ट मात्र समोर बसवून सांगितल्यासारखी ऐक. गुणगुण घालवण्यासाठी स्टेजवर कुणीतरी शहाणा सांगेल, ‘अर्थची जाड पिन काढ, आवाज जाईल.’ आवाज खरंच जातो. पण अँपमध्ये काही बिघडलं तर ती वीज जमिनीत जायची वाटही गेलेली असते. मग ती तुझ्या तारांतून, बोटांतून, माइकला लागलेल्या ओठांतून जाते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ साली स्वान्सीत भर कार्यक्रमात असाच गेला. हात तारांवर, आणि माइकचं अर्थिंग नाही. जनरेटरवरच्या मंडपात तर मी आधी मीटर काढायचो. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले की मंडपवाल्याला बोलवायचो, मग तो कितीही वैतागो. बेसूर चालेल. पिन तोडायची नाही.

पेडल विकत घेताना आपण आवाज विकत घेतो, म्हणून त्याला पैसे मोजताना जीव तुटत नाही. सप्लाय घेताना शांतता विकत घ्यायची असते, आणि ती दुकानात वाजवून दाखवता येत नाही. म्हणून तो नेहमी शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. मीही तसाच घेत आलो. तू निदान पुढचा पेडल थांबव आणि आधी हा घे.

घेतलास की मला पुन्हा रेकॉर्डिंग पाठव. पण गाणं नको. सहाही पेडल चालू कर, डिस्टॉर्शन पूर्ण उघड, गिटारचा आवाज शून्यावर ने, आणि काहीही न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड कर. मला तेवढंच ऐकायचंय.

तुझा,
मामा

ता. क. मल्टिमीटर आईकडे आहे, देवघराच्या खालच्या खणात. त्याची बॅटरीही ९ व्होल्टचीच आहे. डिलेच्या परीक्षेसाठी ती काढलीस तर परत घालायला विसरू नकोस.