पाणी पायरीवर असतांनाच

शास्त्रभाग : २ राजे, अध्याय २०



नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. तेथील लोक पावसाळ्यांत घाटाच्या पायऱ्यांकडे डोळा ठेवून असतात. पाणी खालच्या पायरीवर आहे तोंच शहाणा दुकानदार आपला माल उंचावर नेतो. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनीं त्या सावधपणाचें मोल सर्वांस शिकविलें. यकृताच्या कर्करोगाविषयीं आज आम्हांस हेंच सांगावयाचें आहे.

यकृत उजव्या बरगड्यांखालीं मुकाट्यानें काम करितें, व त्यांत गांठ वाढूं लागली तरी पुष्कळ दिवस दुखत नाहीं. कावीळ, पोटांत पाणी व अशक्तता दिसूं लागते, तेव्हां बहुधा पूर दारांत आलेला असतो. मग कोणी काविळीची माळ घालतो, कोणी मुळी देतो, आणि दिवस निघून जातात. प्रत्येक कावीळ कर्करोग नव्हे. परंतु प्रत्येक काविळींत रक्त तपासलें पाहिजे.

हा रोग बहुतकरून आधींच निबर झालेल्या यकृतांत होतो. दारू, ब व क या प्रकारच्या काविळीचे विषाणू, आणि मधुमेह व लठ्ठपणा यांबरोबर सांठणारी चरबी, यांनीं यकृत निबर होतें. भिजून बुरशी आलेल्या शेंगा व मका यांतील विषही या रोगास कारण होतें. तीं खाण्यापेक्षां फेकणें बरें. ज्यांचें यकृत निबर झालें आहे त्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी. ती त्यांच्या घाटाची पायरी होय.

आतां हिज्कीया राजाकडे पाहूं. तो मरणोन्मुख असतां त्यानें अश्रु ढाळून प्रार्थना केली, व देवानें त्यास पंधरा वर्षें दिलीं. तरी यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधविली. ज्यानें वर्षें दिलीं, त्यानेंच औषधही लावविलें. मग प्रार्थना करणाऱ्यानें औषध टाळावें काय?

या रोगांत वैद्य दोन गोष्टी पाहतात : गांठ किती पसरली, व उरलेल्या यकृतांत बळ किती. दोन्ही अनुकूल असल्यास गांठीसह तेवढा भाग कापून काढितात. उरलेलें निरोगी यकृत पुनः वाढतें, ही निर्मात्याची योजना आहे. गांठ लहान पण यकृत निकामी, तर दुसऱ्याचें यकृत बसवितात. लहान गांठ सुईच्या उष्णतेनें जाळितां येते. मोठीस रक्त पुरविणाऱ्या धमनींत औषध सोडून तिची वाट बंद करितात. रोग त्यापलीकडे गेला असल्यास गोळ्या, व शरीराची प्रतिकारशक्ति जागविणारीं इंजेक्शनें आहेत; तीं आयुष्य लांबवितात, रोग क्वचितच निपटतात.

वेळीं सांपडून ज्यांची गांठ कापली किंवा यकृत बदललें, त्यांपैकीं अर्ध्याहून अधिक लोक पांच वर्षें व पुढेंही जगतात. गांठ कापल्यावर रोग पुष्कळदां परत येतो, म्हणून तपासणी सोडूं नये. यकृतच खचलें असल्यास बहुधा महिन्यांचाच हिशेब उरतो.

अशा वेळीं घरचीं माणसें आम्हांस म्हणतात, "पाळकसाहेब, त्यांना कांहीं सांगूं नका." त्यांची माया आम्ही जाणतों. परंतु यशयानें राजास घराची व्यवस्था करण्यास सांगितलें. सत्य लपविलें नाहीं. रोग्यास किती जाणावयाचें आहे तें विचारावें, व तेवढें प्रेमानें सांगावें. जमीन विकण्यापूर्वीं वैद्यास विचारावें, "या उपचारानें किती काळ मिळेल, व तो कसा जाईल?" दुखणें थांबविणें व पोटांतलें पाणी काढणें हेही उपचारच आहेत; ते घेणें म्हणजे हार मानणें नव्हे.

उपदेशक बंधूंनो, रोग्याबरोबर तुम्ही स्वतः जा. वॉनलेस साहेबांनीं १८९४ सालीं जेथें इस्पितळ उभारलें तें मिरज जवळच आहे. मुंबईस १९४१ सालचें टाटा इस्पितळ आहे. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आणि ज्या घरीं मूल जन्मेल तेथें आशीर्वादाबरोबर हेंही विचारा कीं, ब काविळीची लस चोवीस तासांच्या आंत टोंचली काय?

पाणी पायरीवर आहे तोंच उठण्याची सुबुद्धि, आणि तें दारांत आलें असतां न डगमगण्याचें धैर्य, प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.