निळ्या जॅकेटातले लॅटिन मास्तर

रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात फादर रेजिनल्ड फॉस्टर यांच्या लॅटिनच्या वर्गाला नव्याने आलेल्या मुलाला विभक्तीचे तक्ते मिळत नसत. पहिल्या दिवसापासून हातात पडायचा तो मूळ मजकूर. सिसेरोचं एखादं पत्र, संत ऑगस्टीनचा एखादा उतारा, नाहीतर अलीकडच्या एखाद्या पोपचं फर्मान. दोन हजार वर्षांत लॅटिनमध्ये लिहिलेलं काहीही. वाचा, अडा, विचारा. प्राचीन रोममधले भिकारी, वेश्या आणि शेंबडी पोरंसुद्धा हीच भाषा बोलत होती, मग तुम्हाला यायला काय झालं, असा त्यांचा रोकडा सवाल असे.

फॉस्टर अमेरिकेतल्या मिलवॉकीचे, जन्म १९३९चा, घराणं प्लंबरचं. ते कार्मेलाइट संघाचे साधू झाले आणि १९६९पासून चाळीस वर्षं, चार पोपांच्या कारकिर्दीत, व्हॅटिकनच्या लॅटिन कचेरीत पत्रं आणि फर्मानं लिहीत राहिले. व्हॅटिकनमधल्या एटीएमच्या पडद्यावर लॅटिनमध्ये सूचना उमटतात, त्याही त्यांच्याच. पण कचेरीत यायचे ते निळी पँट, निळा शर्ट आणि निळं जॅकेट घालून. पाहणाऱ्याला वाटावं, नळ दुरुस्त करायला कुणाला तरी बोलावलंय! साधूचा झगा मुळात सामान्य माणसाच्या पोशाखावरून आलेला, तो आता सामान्य माणूस घालत नाही, मग आपण कशाला घालायचा, हा त्यांचा हिशेब. विक्षिप्तपणा म्हणतात तो पुष्कळदा असाच असतो. एखादी गोष्ट सगळे तोंडाने मान्य करतात आणि एकच माणूस ती अंगावर घालून हिंडतो.

माणूस गोड मात्र नव्हता. आवाज खरखरीत, चूक झाली की वर्गात ओरडा. तरीही १९८५पासून ते उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा जो फुकट वर्ग घेत, त्याला जगभरातून मुलं येत. सुट्टीच्या दिवशी वर्ग गावाबाहेर पडे. सिसेरो जिथे मारला गेला त्या फॉर्मियाला जाऊन सिसेरो वाचायचा, होरेसच्या मळ्यावर जाऊन होरेस. मुलं त्यांना लॅटिन वळणाने रेजिनाल्दुस म्हणत.

आपल्याकडे आठवीला संस्कृत घेतलेलं मूल 'देवः देवौ देवाः' घोकतं, दहावीला शंभरापैकी नव्याण्णव गुण आणतं आणि अकरावीत विज्ञान शाखेला गेलं की पुस्तक रद्दीत. पाणिनीच्या देशात व्याकरणाला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. फॉस्टरही व्याकरणात तसूभर सूट देत नसत. पण त्यांचं व्याकरण वाचता वाचता येई. आपलं आधी येतं, आणि वाचायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. गुणांची टक्केवारी वाढवणारा विषय, यापलीकडे त्या मुलाला कालिदास भेटलाच नाही, ही तक्रार आहे.

फॉस्टरना २००६मध्ये विद्यापीठाने काढून टाकलं. गुन्हा काय, तर फी न भरलेल्या मुलांनाही ते वर्गात बसू देत. शिकायला आलेल्याला दारातून परत पाठवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी रोममध्येच स्वतःचा फुकट वर्ग सुरू केला आणि त्याला नाव दिलं गांगानेल्ली. यातली खोडी कळायला थोडा इतिहास लागतो. ग्रेगोरियन विद्यापीठ जेझुइटांचं. आणि १७७३मध्ये जेझुइट संघ बरखास्त करणारे पोप चौदावे क्लेमेंट यांचं आडनाव गांगानेल्ली. याला योगायोग म्हणवत नाही.

पुढे प्रकृती ढासळली आणि २००९मध्ये ते मिलवॉकीला परतले. तिथल्या शुश्रूषागृहात राहत असतानाही त्यांनी वर्ग चालूच ठेवला, अर्थात फुकट. उतारवयात, २०१६मध्ये, त्यांच्या शिकवण्याचं जाडजूड पुस्तक शिष्याच्या मदतीने निघालं. २०२०च्या नाताळच्या दिवशी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

तुमच्या ओळखीत संस्कृतचे एखादे निवृत्त मास्तर किंवा बाई असतील, तर या सुट्टीत 'मेघदूत' घेऊन त्यांच्याकडे जा. पहिल्या श्लोकापासून सुरुवात करा, अडेल तिथे विचारा. ओरडा बसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.